सहा मिलिग्राम सॅम्पल, ४०० मेगाहर्ट्झ, चार तासांचा स्लॉट: एनएमआर फास्ट करायचं म्हणजे नेमकं काय करायचं

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नुसतं उत्तर वाचणाऱ्यांनाही कळेल. निर्गुंडीच्या पाल्यातून कॉलम (क्रोमॅटोग्राफी) मारून मारून सहा मिलिग्राम शुद्ध पदार्थ हाती आलाय, मास स्पेक्ट्रमवरून रेणूचं वजन ५०० च्या आसपास, इरिडॉइड ग्लायकोसाइड (साखर जोडलेला एक वनस्पतीजन्य रेणू) असावा असा अंदाज आहे, युनिव्हर्सिटीच्या ४०० मेगाहर्ट्झ एनएमआर मशीनवर (चुंबकात ठेवून रेणूची रचना वाचणारं यंत्र) आठवड्यातून एकदाच चार तास मिळतात, ऑपरेटर म्हणतो सगळे टू-डी (दोन मितींचे स्पेक्ट्रम, कुठला अणू कुणाशी जोडलाय ते दाखवणारे) हवे असतील तर चार तासात बसणार नाही, आणि वाचायला गेलं की "एका स्कॅनमध्ये टू-डी", "काही सेकंदात कोरिलेशन" असं सगळं दिसतं. मग यातलं खरं किती आणि आपल्या कामाचं किती?

मी बावीस-तेवीस वर्षं एनएमआरवर बसतोय, आधी प्रोटीन केली, नंतर औषधांचे छोटे रेणू, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं सांगतो. उत्तर असं की चार तासात तुमचं काम होतं, अगदी नीट होतं, पण तुम्ही वाचलेल्या फास्ट पद्धतींपैकी निम्म्या तुमच्यासाठी नाहीतच, आणि कुठली घ्यायची हे ठरवायच्या आधी वेळ नक्की कुठे जातोय ते बघायला पाहिजे. डॉक्टर आधी ताप कशाचा ते बघतो ना, तसंच.

वेळ तीन ठिकाणी जातो. पहिलं म्हणजे सिग्नलच मुळात दुबळा. ४०० मेगाहर्ट्झच्या चुंबकात, खोलीच्या तापमानाला, एक लाख प्रोटॉन (हायड्रोजनची केंद्रकं) घेतले तर त्यातले साधारण तीन जास्तीचे एका बाजूला असतात आणि सगळा स्पेक्ट्रम त्या तिघांच्या जिवावर येतो. कार्बन तर अजून गरीब, कारण आपल्याला दिसणारा कार्बन-१३ निसर्गात १.१ टक्केच, बाकीचा सगळा कार्बन-१२, तो एनएमआरला दिसतच नाही. आणि सिग्नल वाढवायला स्कॅन (तोच प्रयोग परत परत करून बेरीज) वाढवावे तर तिथेही वर्गमूळ आडवं येतं, सिग्नल-टू-नॉइज दुप्पट हवा तर वेळ चौपट, तिप्पट हवा तर नऊपट.

दुसरं म्हणजे वाट बघणं. रेडिओलहरींचा पल्स दिला की प्रोटॉन विस्कटतात आणि परत जागेवर यायला त्यांना वेळ लागतो. विहिरीसारखं आहे ते, मोटर लावून पाणी उपसलं की परत झिरपा येऊन विहीर भरेपर्यंत थांबायचं, न थांबता उपसत राहिलात तर मोटर नुसती कोरडी फिरते. साध्या टू-डीमध्ये प्रत्येक स्कॅनमागे एक ते दोन सेकंद असेच जातात, आणि खरा सिग्नल गोळा करायला लागतात सेकंदाचे एक-दोन दशांश. म्हणजे मशीन बराचसा वेळ नुसतं बसलेलं असतं.

तिसरं म्हणजे सॅम्पलिंग. टू-डीमधली दुसरी मिती थेट मोजता येत नाही, एक मधला डिले थोडा थोडा वाढवत तोच प्रयोग २५६ वेळा, ५१२ वेळा परत करायचा आणि त्यातून ती मिती उभी करायची. सिग्नल भरपूर असला, एका स्कॅनमध्ये लख्ख दिसत असला, तरी ते २५६ वेळा करणं सुटत नाही.

आता हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. एनयूएस, नोआ, सोफास्ट, अल्ट्राफास्ट ही जी नावं तुम्ही वाचलीत ती सगळी दुसऱ्या आणि तिसऱ्या दुखण्यावरची औषधं आहेत. पहिल्यावर यातलं एकही नीट चालत नाही. सॅम्पलच कमी आहे आणि सिग्नलच येत नाहीये, तर कितीही हुशार सॅम्पलिंग करा, नॉइजमध्ये नसलेलं पीक वर येणार नाही.

तुमचा हिशोब मांडू. ५०० वजनाचे सहा मिलिग्राम म्हणजे १२ मायक्रोमोल, ०.६ मिली सॉल्व्हंटमध्ये २० मिलिमोलर. हे वाईट नाही हो, लोक याच्या दहाव्या हिश्शावर काम करतात. नेहमीच्या पद्धतीने मांडलं तर कोझी (कुठला प्रोटॉन कुणाच्या शेजारी ते सांगणारा) २५६ इन्क्रिमेंट, म्हणजे डिलेच्या पायऱ्या, एक स्कॅन, साधारण सात मिनिटं. एचएसक्यूसी (कुठला प्रोटॉन कुठल्या कार्बनवर ते सांगणारा) २५६ इन्क्रिमेंट, दोन स्कॅन, १.६ सेकंदाप्रमाणे १४ मिनिटं. एचएमबीसी (दोन-तीन बंध लांबचा कार्बन दाखवणारा) आठ स्कॅन, दोन सेकंद धरले तर ६८ मिनिटं. रोझी (अवकाशात जवळ असलेले प्रोटॉन दाखवणारा) सोळा स्कॅन, २.२ सेकंद धरून अडीच तास. वर कार्बन वन-डी, २०४८ स्कॅन तीन सेकंदाने, पावणेदोन तास. बेरीज पावणेसहा तास, लॉक-शिम-ट्यूनिंग (मशीन सॅम्पलला जुळवून घेणं) वेगळं. म्हणजे ऑपरेटर चुकीचं सांगत नाहीये. पण बघा, कोझी आणि एचएसक्यूसी मिळून २१ मिनिटं, खरा वेळ खातायत रोझी, कार्बन आणि एचएमबीसी. आणि पेपरमध्ये ज्याचं कौतुक असतं ते बहुतेक एचएसक्यूसीचं, म्हणजे जिथे तुमचा वेळ जातच नाहीये तिथलं.

थोडं मागचं सांगतो, कारण वेळ वाचवायची ही धडपड आजची नाही, या विषयाच्या जन्मापासूनची आहे. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये अरनॉल्ड, धर्माट्टी आणि पॅकार्ड यांनी इथेनॉलच्या प्रोटॉनचे तीन वेगवेगळे सिग्नल दाखवले आणि केमिस्ट लोकांना पहिल्यांदा कळलं की या यंत्रातून रेणूची रचना वाचता येते. त्यातले धर्माट्टी पुढे मुंबईत टीआयएफआरला एनएमआरचं काम उभं करणारे, आणि तिथेच कुलाब्याला नंतर हाय-फील्ड एनएमआरची नॅशनल फॅसिलिटी झाली. तेव्हा स्पेक्ट्रम म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू सरकत जायचं, एकेक पीक गाठायचं, मधल्या रिकाम्या जागेतही तितकाच वेळ. अर्न्स्ट आणि अँडरसन यांनी १९६६ मध्ये सांगितलं की एकच पल्स मारा, सगळे एकदम वाजू देत, आणि मग फूरियर ट्रान्सफॉर्मने वेगळे करा. हा पेपर एका नावाजलेल्या जर्नलने दोनदा परत पाठवला होता, शेवटी दुसरीकडे छापून आला. १९७१ मध्ये जीनर यांनी युगोस्लाव्हियातल्या एका समर स्कूलमध्ये दोन मितींची कल्पना मांडली, अर्न्स्टच्या ग्रुपने ती प्रत्यक्षात आणली, अर्न्स्टना १९९१ चं नोबेल मिळालं. प्रोटीनचा पहिला टू-डी नोझी (रोझीसारखाच, जवळचे प्रोटॉन दाखवणारा) १९८० चा, त्यावर अर्न्स्ट आणि वुथरिक यांच्या बरोबरीने नाव आहे ते आपल्या बंगळुरूच्या आयआयएससीचे अनिल कुमार यांचं. म्हणजे टू-डीने माहितीचा डोंगर दिला पण त्या डोंगराबरोबर ते २५६ वेळा करणंही आलं, आणि गेली वीस-पंचवीस वर्षं जे चाललंय ते त्यातून सुटायचं चाललंय.

एनयूएस, म्हणजे नॉन-युनिफॉर्म सॅम्पलिंग, हे आता सगळ्यात सरळ आणि सगळीकडे उपलब्ध. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो ना, अख्खं पातेलं चाचपत नाही, तसं २५६ पैकी सगळे पॉइंट न मोजता काही वेचक मोजायचे आणि बाकीचे गणिताने भरायचे. हे का चालतं? कारण टू-डी स्पेक्ट्रम बहुतेक रिकामा असतो, हजारो चौकोनात पीकं पन्नास-साठ, आणि अशा विरळ गोष्टी थोड्या मोजमापातून परत उभ्या करता येतात हे गणितात सिद्ध झालेलं आहे, एमआरआयवाले पण हेच वापरतात. कुठले पॉइंट वेचायचे त्यालाही पद्धत आहे, २०१० पासून पॉइसन-गॅप नावाची लोकप्रिय झाली, सुरुवातीचे पॉइंट दाट घेते कारण सिग्नल तिथे जोरात असतो, पुढे विरळ.

पण एनयूएसचा खरा फायदा वेळ वाचवण्यात नाही असं माझं ठाम मत आहे, तो रिझोल्यूशनमध्ये आहे. तुमचंच उदाहरण घ्या. एचएमबीसीमध्ये कार्बनची विंडो २२० पीपीएम (स्पेक्ट्रमच्या पट्टीवरचं एकक), म्हणजे या मशीनवर २२,००० हर्ट्झ. २५६ इन्क्रिमेंटमध्ये १२८ कॉम्प्लेक्स पॉइंट (दोन मोजमापांचा एक), म्हणजे मधला डिले जेमतेम ५.८ मिलिसेकंदांपर्यंत पोचतो, आणि रिझोल्यूशन मिळतं साधारण १७२ हर्ट्झ, १.७ पीपीएम. तुमच्या रेणूतल्या ग्लुकोजचा तिसरा आणि पाचवा कार्बन मिथेनॉलमध्ये ७८ च्या आसपास एकमेकांना चिकटून असतात, फरक अर्ध्या पीपीएमच्याही आत. १.७ मध्ये ते एकच ठिपका दिसणार आणि तुम्ही अंदाजाने नावं देणार. तेच १०२४ इन्क्रिमेंट लावा आणि २५ टक्के एनयूएस करा, मोजलेले पॉइंट परत २५६ च, वेळ तेवढाच ६८ मिनिटं, पण रिझोल्यूशन ०.४ पीपीएम. इथे ते दोघे सुटे व्हायला लागतात. म्हणून मी मुलांना सांगतो की एनयूएस म्हणजे तितक्याच वेळात जास्त बारीक बघणं, असं धरून चाला.

आता एनयूएस कुठे फसवतं ते. नोझी आणि रोझी. तिथे कर्णावरची (प्रोटॉनची स्वतःशीच) पीकं प्रचंड मोठी आणि आपल्याला हवं ते दोन प्रोटॉनमधलं क्रॉस-पीक त्याच्या शंभराव्या हिश्शाचं. पॉइंट वगळले की जो खोटा नॉइज तयार होतो तो मोठ्या पीकच्या प्रमाणात असतो, त्यामुळे बारकं खरं पीक त्यात बुडतं, नाहीतर खोटंच काहीतरी खऱ्यासारखं वर येतं. हे मी स्वतः भोगलंय. दहा-बारा वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टमध्ये घाई होती, मशीनवर रांग होती, मी नोझी २५ टक्क्यांवर केला. एका मिथाइलकडून समोरच्या प्रोटॉनकडे जायला हवं होतं ते क्रॉस-पीक दिसलं नाही, मी ते नाहीच असं धरलं आणि त्या सेंटरचं कॉन्फिगरेशन (अणूंची अवकाशातली दिशा) उलटं लिहून दिलं. सिंथेसिसवाल्यांनी तीन आठवडे त्या उलट्या रचनेवर काम केलं, मग क्रिस्टल मिळाला, एक्स-रे आला आणि चूक कळली. परत सगळे पॉइंट घेऊन नोझी केला तर ते पीक होतं, बारकं पण स्पष्ट. तीन माणसांचे तीन आठवडे मी वाचवलेल्या दोन तासांपायी गेले, ते मला अजून टोचतं. तेव्हापासून नियम एकच, जिथे "पीक नाही" हाच पुरावा म्हणून वापरायचाय तिथे एनयूएस करायचं नाही.

नोआ ही दुसरी पद्धत, एरिक्स कुप्चे आणि टिम क्लॅरिज यांनी २०१७ मध्ये आणलेली, आणि मला ती फार आवडते. आपण कुकर लावतो तेव्हा नुसता भात लावत नाही, खाली वरण, वर भात, त्याच्यावर बटाटे, एकाच वाफेत सगळं. नोआमध्ये एकदाच विहीर भरायची वाट बघायची आणि मग एकापाठोपाठ एचएमबीसी, एचएसक्यूसी, कोझी असे तीन-चार प्रयोग त्याच एका वाटेत उरकायचे. हे जमतं कारण प्रत्येकाला लागणारे प्रोटॉन वेगळे असतात, एचएसक्यूसीला कार्बन-१३ ला जोडलेले १.१ टक्के पाहिजेत, कोझीला कार्बन-१२ वाले उरलेले चालतात, फक्त पल्स अशा लावायच्या की एकाने दुसऱ्याच्या डब्यात हात घालू नये.

पण इथेही हिशोब बघा, कारण "चार प्रयोग एका वेळात" ऐकून लोकांना वाटतं वेळ चौथा हिस्सा होणार. तसं होत नाही. बटाटे कच्चे राहिले तर कुकर तितका वेळ ठेवावाच लागतो, तसं नोआचा वेळ त्यातला सगळ्यात दुबळा प्रयोग ठरवतो, तुमच्या बाबतीत एचएमबीसी. आठ स्कॅन, २५६ इन्क्रिमेंट, सगळं मिळून एका स्कॅनला २.३ सेकंद धरले तर ७८ मिनिटं. सुटे केले असते तर ६८ अधिक १४ अधिक ७ म्हणजे ८९. वाचली ११ मिनिटं. हां, एचएसक्यूसीला दोनाऐवजी आठ स्कॅन मिळाले, म्हणजे तो दुप्पट स्वच्छ आला, हा फायदा आहेच. नोआ खरं शोभतं ते सॅम्पल भरपूर असताना, जिथे एचएमबीसीलाही दोन स्कॅन पुरतात आणि सगळा वेळ वाट बघण्यातच जातो. तिथे तासाचं काम दहा-पंधरा मिनिटांवर येतं. तुमच्यासाठी नोआवर ५० टक्के एनयूएस लावलं तर ४० मिनिटांत तिन्ही हातात येतील, एचएमबीसी थोडा नॉइजी होईल, २० मिलिमोलरला ते परवडतं.

सोफास्टचं तुम्ही विचारलंत. शांडा आणि ब्रुट्शर यांनी २००५ मध्ये ग्रेनोबलला ते काढलं, आणि ते मुळात प्रोटीनसाठी आहे. कल्पना अशी की प्रोटीनमधल्या फक्त अमाइड (नायट्रोजनवरच्या) प्रोटॉननाच हात लावायचा, बाकीच्यांना अजिबात धक्का न देता, मग ते न हललेले शेजारी या अमाइडना लवकर शांत करतात, म्हणजे आजूबाजूच्या भरलेल्या विहिरींतून आपल्या विहिरीला झिरपा. त्यामुळे वाट बघायची जवळजवळ गरजच राहत नाही, काही सेकंदात टू-डी होतो आणि प्रोटीन घडी घालतंय, उलगडतंय ते डोळ्यांसमोर बघता येतं. छोट्या रेणूंसाठी त्याच धर्तीवर वेगळ्या युक्त्या आहेत, मिनिटभरात एचएमक्यूसी (एचएसक्यूसीसारखाच प्रयोग) देणाऱ्या. पण तुमचे १४ मिनिटांचे दोन मिनिटं झाले तरी बारा मिनिटंच वाचणार. आणि एक सावधगिरी, हे प्रयोग इतक्या भराभर डिकपलिंग (कार्बनवर रेडिओलहरींचा मारा) करतात की प्रोब तापतो, ॲक्विझिशन टाइम कोणीतरी नकळत वाढवून ठेवला तर कॉइलच जाऊ शकते, म्हणून ऑपरेटरला विचारल्याशिवाय कुठून तरी डाउनलोड केलेला पल्स प्रोग्राम लावू नका, ही विनंती अगदी मनापासून.

आणि तो एका स्कॅनवाला, म्हणजे अल्ट्राफास्ट. लुसिओ फ्रिडमन, वाइझमन इन्स्टिट्यूट, २००२. कल्पना इतकी सुंदर आहे की पहिल्यांदा समजली तेव्हा मी दोन दिवस त्याच विचारात होतो. २५६ वेळा एकामागून एक करायचं ते ट्यूबमधल्या वेगवेगळ्या उंचीवर एकाच वेळी करायचं. ग्रेडियंटने (उंचीनुसार बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने) सॅम्पलचे आडवे काप पाडायचे, केळ्याच्या चकत्यांसारखे, प्रत्येक चकतीला वेगळा डिले, आणि मग सगळ्या चकत्या एकदम वाचायच्या. सेकंदाच्या आत टू-डी. पण चकत्या पाडल्या की प्रत्येकीत सॅम्पल थोडंच येतं, रिसीव्हर रुंद उघडावा लागतो त्यामुळे नॉइजही जास्त आत येतो, म्हणजे सिग्नलची किंमत मोजावी लागते, आणि स्पेक्ट्रल विंडोवरही मर्यादा येते. सहा मिलिग्रामवर एचएमबीसीसाठी हे उपयोगाचं नाही. जिथे रिॲक्शन मिनिटामिनिटाला बदलतेय तिथे आहे, आणि हायपरपोलरायझेशनमध्ये आहे. हायपरपोलरायझेशन म्हणजे अतिथंड तापमानाला इलेक्ट्रॉनचं पोलरायझेशन न्यूक्लियसला द्यायचं आणि मग झटकन विरघळवून मोजायचं, २००३ मध्ये यातून सिग्नल दहा हजार पटींहून जास्त वाढल्याचं दाखवलं गेलं. पहिल्या दुखण्यावरचं खरं औषध तेच, पण तो साठा एकदाच मिळतो आणि काही सेकंदांत उतरतो, २५६ वेळा करायला उरतच नाही, म्हणून तिथे एका स्कॅनची पद्धतच लागते. तुमच्या मशीनवर यातलं काही नसणार.

तुमच्या लॅबमधल्या मैत्रिणीचा प्रोटीनचा प्रश्न होता त्याचं दोन ओळीत. थ्री-डीमध्ये दोन मिती अशा पायरीपायरीने भरायच्या, ६४ गुणिले ६४ कॉम्प्लेक्स पॉइंट म्हणजे १६,३८४ एफआयडी (एकेक कच्चा सिग्नल), आठ स्कॅन, सेकंदाला एक, झाले साडेछत्तीस तास. असे पाच-सहा थ्री-डी लागतात, मशीन आठ-नऊ दिवस अडकलं. तिथे एनयूएस चैन नाही, गरज आहे, १० टक्क्यांवर साडेतीन-पावणेचार तासात तो थ्री-डी होतो, कारण तिथे रिकामी जागा अजून जास्त आणि कर्णासारखी दांडगी पीकंही नसतात. जीएफटी म्हणून, अनेक मिती एकत्र मोजणारा, वेगळा मार्ग आहे, थॉमस शिपेर्स्की यांच्याकडे २००३ मध्ये सुरू झाला, त्यात हनुदत्त अत्रेय यांचं मोठं काम आहे, ते पुढे आयआयएससीला आले. आणि २०२२ मध्ये आलेलं आर्टिना हे डीप लर्निंगवालं सॉफ्टवेअर कच्च्या स्पेक्ट्रमवरून असाइनमेंट (कुठलं पीक कुठल्या अणूचं) आणि रचना काही तासात काढून देतं, जे काम करायला आम्हाला महिने लागायचे. वेळ मशीनवरच जातो असं नाही ना, त्यानंतर टेबलावर जातो तो जास्त.

आता पहिलं दुखणं, सिग्नल. इथे तुमच्या हातात जेवढं आहे तेवढं कुठल्याच पल्स सीक्वेन्समध्ये नाही. नेहमीच्या ५ मिमी ट्यूबमध्ये ०.६ मिली भरता, चार-साडेचार सेंटिमीटर उंची, पण कॉइल बघते मधले दोनेक सेंटिमीटर, म्हणजे निम्मं सॅम्पल नुसतंच उभं. शिगेमी ट्यूब मागा, मिथेनॉलला मॅच केलेली, त्यात पाव-एक मिलीत सगळं सॅम्पल कॉइलसमोर येतं, सिग्नल जवळजवळ दुप्पट, म्हणजे तोच स्पेक्ट्रम एक-चतुर्थांश वेळात. आतली काचेची दांडी घालताना अगदी हळू, तिरपी धरून, बुडबुडा अडकला की शिमिंग कधीच होणार नाही, दांडी थोडी वर ओढून परत दाबायची, टिचकी मारायची, बुडबुडा कडेने वर सरकताना दिसतो, तो बाहेर पडेपर्यंत घाई करायची नाही, मग वरून टेप. सॅम्पल गाळून घ्या, सिलिकाचे कण राहिले की रेषा रुंद होतात. आणि रात्रभर नीट सुकवून आणा. पाण्याचं पीक मिथेनॉलमध्ये ४.८७ ला येतं आणि तुमच्या ग्लुकोजचा ॲनोमेरिक प्रोटॉन (साखरेच्या पहिल्या कार्बनवरचा) ४.७ च्या आसपास, पाणी जास्त असलं की तो त्याच्या पायथ्याशी दडतो. तेवढंच अडलं तर तापमान पाच-दहा डिग्री खाली घ्या, पाण्याचं पीक डावीकडे सरकतं आणि त्या प्रोटॉनचा डब्लेट (जोडरेषा) मोकळा होतो. प्रत्येक सॅम्पलला ट्यूनिंग आणि ९० डिग्री पल्स परत बघा, यात दहा मिनिटं जातात आणि तासभर वाचतो. जवळपास कुठे क्रायोप्रोब असेल, जिथे कॉइल २० केल्विनच्या आसपास थंड ठेवतात, तर सिग्नल तीन-चार पट मिळतो, म्हणजे वेळ नऊ ते सोळा पट कमी. एखाद्या संध्याकाळची सोय झाली तर कार्बन वन-डी तिथे करा.

कारण स्लॉटमधून मी कार्बनच काढून टाकणार आहे. हायड्रोजन असलेले कार्बन एचएसक्यूसीतून मिळतात, बिनहायड्रोजनचे बहुतेक एचएमबीसीतून, तुमच्या रेणूत चौथा कार्बन ११० च्या पुढे आणि कार्बोनिल १६५-१७० ला येतील, तिसऱ्या प्रोटॉनकडून, जो ७.५ च्या जवळ एकटाच उभा असेल. तर स्लॉट असा: पहिली वीस मिनिटं लॉक, शिम, ट्यूनिंग, पल्स. पाच मिनिटं प्रोटॉन, आणि तो नीट झूम करून बघा, पदार्थ शुद्ध नसेल तर पुढचं सगळं वाया. ४० मिनिटं नोआ, तिन्ही एकत्र, एचएसक्यूसी एडिटेड घ्या म्हणजे सीएच-टू उलटे दिसतात. मशीनवर नोआ नसेल तर सुटे करा, एचएमबीसी तेवढा एनयूएसवर, फरक फार पडत नाही. उरले जवळजवळ तीन तास, ते सगळे रोझीला, सगळे पॉइंट, एनयूएस नाही. पाचव्या आणि नवव्या प्रोटॉनची दिशा, पहिला प्रोटॉन आणि साखरेचा ॲनोमेरिक यांची जवळीक, हे तिथेच कळणार. वेळ कमी पडला तर पूर्ण रोझीऐवजी दोन-तीन प्रोटॉनवर सिलेक्टिव्ह वन-डी रोझी करा, एकेकाला पंधरा मिनिटं, प्रश्न नेमका माहीत असेल तर याहून फास्ट काही नाही. साखर कुठे जोडलीय ते एचएमबीसीत दोन्ही बाजूंनी बघा, ॲनोमेरिक प्रोटॉनकडून ९५ च्या आसपासच्या कार्बनला आणि पहिल्या प्रोटॉनकडून १०० च्या आसपासच्याला. दोन्ही ठिपके दिसले तरच लिहा.

रचना ठरली असं वाटलं की कॉम्प्युटरवर तिचे कार्बन शिफ्ट (पीकांच्या जागा) काढून ताडून बघा, याला मशीनचा एकही मिनिट लागत नाही. हेक्झासायक्लिनॉल नावाच्या पदार्थाची रचना २००२ मध्ये छापली गेली, २००६ मध्ये रिखनोव्स्की यांनी नुसते शिफ्ट गणिताने काढून दाखवलं की ती रचना बसत नाही, वेगळी सुचवली, आणि त्याच वर्षी पोर्को यांच्या ग्रुपने ती वेगळी रचना बनवून खरी ठरवली. पुढे २०१० मध्ये डीपी-फोर आलं, ज्यात तुमच्या समोरच्या दोन-चार शक्यतांपैकी कुठली जास्त संभाव्य ते आकड्यात मिळतं. दोन डायस्टिरिओमरमध्ये (फक्त काही सेंटरच्या दिशेत वेगळ्या रचना) अडकलात तर हे नक्की करा.

स्लॉट संपताना कच्चा डेटा, म्हणजे प्रोसेस केलेली पीडीएफ नव्हे तर अख्खं फोल्डर, पेनड्राइव्हवर घ्या, एनयूएसची पॉइंट-लिस्टही त्यातच असते, ती हरवली तर तो डेटा परत उभा करता येत नाही. ट्यूबमधलं सॅम्पल ओतून देऊ नका, मिथेनॉल उडवून सहाच्या सहा मिलिग्राम परत मिळतात. आणि प्रोटॉन झाला की ४.५ ते ५.० चा तुकडा मोठा करून इथे टाका, पाणी कुठे बसलंय ते बघून तापमान किती ठेवायचं ते मी लगेच सांगतो.